महामार्गाचा रविवार

जर्मनीत शनिवारच्या मध्यरात्रीपासून रविवारी रात्री १० वाजेपर्यंत साडेसात टनांहून जड मालट्रकना रस्त्यावर धावण्यास मनाई असते. हा नियम १९५६ पासून आहे. फ्रँकफुर्टजवळ ए-३ आणि ए-५ हे ऑटोबान, म्हणजे द्रुतगती महामार्ग, एकमेकांना छेदतात, त्या जंक्शनवरून दिवसाला ३ लाखांहून अधिक वाहने जातात. रविवारी तिथे मोटारींची वर्दळ असते, ट्रकांची रांग नसते. दूध, ताजे मांस, मासे, नाशवंत फळे-भाज्या यांना सूट आहे, बाकीचा बहुतेक माल थांबतो. एवढ्या मोठ्या औद्योगिक देशाने आठवड्यातून एक दिवस मालवाहतूक थोपवून धरावी, यामागे वाहतूकशास्त्रापेक्षा धर्मविचार अधिक आहे.

त्याचे मूळ बायबलमधल्या मोशेच्या दहा आज्ञांत सापडते. सातव्या दिवशी काम करू नये ही आज्ञा केवळ घरच्या धन्यासाठी नाही; दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना ती विसावा देते. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू न ठेवणाऱ्या समाजाला त्यातली करुणा समजावून सांगावी लागत नाही. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात कारणही दिले आहे: इजिप्तमध्ये तुम्ही स्वतः गुलाम होता, याचा विसर पडू देऊ नका. म्हणजे विसाव्याचा संबंध थकव्याशी जितका, त्याहून अधिक स्वातंत्र्याशी आहे. ज्यूंचा हा वार शनिवार. ख्रिस्ती परंपरेने येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार मानला. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३२१ साली न्यायाधीशांना आणि नगरवासीयांना रविवारी सुटी दिली, शेतकऱ्यांना मात्र वगळले, कारण हंगाम टळला की तो परत येत नाही. आज दुधाच्या टँकरला मिळणारी सूट त्याच जातकुळीची आहे.

जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेने रविवारच्या विश्रांतीला संरक्षण दिले आणि १९४९ च्या घटनेने ते कलम जसेच्या तसे स्वीकारले. यावर घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे. सर्वधर्मीयांच्या राज्याने एका धर्माचा वार सर्वांना का लावावा? मुसलमानांच्या शुक्रवारी किंवा ज्यूंच्या शनिवारी जर्मनीतले ट्रक थांबत नाहीत. बर्लिनमध्ये नाताळाआधीच्या रविवारी दुकाने उघडी ठेवण्याच्या वादात घटना न्यायालयाने २००९ मध्ये जो निकाल दिला, त्यात याचे निम्मे उत्तर आहे: सर्वांना एकाच दिवशी सुटी असली, तरच कुटुंबे आणि संस्था एकत्र येऊ शकतात. ज्याला त्याला वेगळ्या वारी सुटी दिली तर शीण जाईल, पण सहवास घडणार नाही. हे पटण्यासारखे आहे. मात्र तो वार रविवारच का, याला बहुसंख्यांच्या इतिहासापलीकडे उत्तर नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

हा नियम तपासायचा तो ऑटोबानच्या विश्रांतिथांब्यांवर. शनिवारी रात्री तिथली पार्किंगची जागा ट्रकांनी भरून जाते. चालकांत पोलंड, लिथुआनिया, रुमानियाचे पुष्कळ असतात. आज्ञेतला परका तो हाच. ऑग्सबर्गजवळ ए-८ वर आडेल्सरीड येथे १९५८ मध्ये जर्मनीतले पहिले ऑटोबान-चर्च उभे राहिले. आता अशी ४० हून अधिक आहेत, कोणत्याही पंथाच्या प्रवाशाला दिवसभर खुली. घटकाभर शांत बसायला तिथे जागा मिळते, आणि तिची गरजही आहे. पण ज्या सहवासासाठी रविवार राखला, तो या चालकांच्या वाट्याला येत नाही. घर शेकडो किलोमीटर दूर, झोप ट्रकच्या केबिनमध्ये. गाडी उभी आहे, चालक मात्र कामाच्या जागीच अडकलेला आहे. याला विसावा म्हणता येत नाही.

युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नेमके हेच मान्य केले: ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येणार नाही. २०२० च्या युरोपीय नियमांनी राहण्याचा खर्च मालकावर टाकला आणि चालकाला साधारणपणे दर ४ आठवड्यांत घरी परतता येईल असे काम आखणे बंधनकारक केले. रविवारची बंदी जितक्या कसोशीने पाळली जाते, तितक्याच कसोशीने हे नियमही पाळले गेले पाहिजेत.