येशूला देव कुणी ठरवले?

निसियाच्या धर्मपरिषदेला 2025 मध्ये 1700 वर्षे झाली आणि एक जुना दावा समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागला. येशू हा एक सत्पुरुष. त्याला देव केले ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने, तेही बिशपांचे मतदान घेऊन. डॅन ब्राउनच्या ‘द दा विंची कोड’ने 2003 मध्ये हा दावा घरोघरी पोचवला. कादंबरीत तो खपून जातो. पण शिकलीसवरली माणसे तोच इतिहास म्हणून सांगतात, तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच दरबारी कारस्थान ठरतो. हा त्या श्रद्धेवर आणि इतिहासावरही अन्याय आहे.

येशूच्या मृत्यूनंतर तीन-साडेतीन दशकांच्या आतच प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले. ख्रिस्त मुळात देवाच्या स्वरूपाचा होता हे तो त्यात पटवून देत बसत नाही. वाचकांना ते ठाऊकच आहे असे धरून चालतो. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला कळवले, की ख्रिस्ती लोक ठरल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. निसिया याच बिथिनियातले. परिषदेच्या दोनशे वर्षे आधी, त्याच प्रांतातून, ख्रिस्ताच्या उपासनेची खबर सरकारदरबारी गेली होती.

मग 325 मध्ये निसियाच्या परिषदेत भांडण कशाचे होते?

अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता, की पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा आणि सर्वांत श्रेष्ठ, पण अखेर देवाने निर्माण केलेलाच. येशू केवळ माणूस होता, असे त्याचेही म्हणणे नव्हते. विरोधकांचा प्रश्न वेगळा होता: जो स्वतःच निर्माण झालेला आहे, तो माणसाला देवाशी कसा जोडणार? क्रुसावरचे दुःख देवाने स्वतः सोसले नसेल, कुणा श्रेष्ठ दूतावर सोपवले असेल, तर तारणाला अर्थ काय उरतो? पुढे बिशप अथनेशियसने आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला.

परिषदेत निओसीझरियाचा बिशप पॉल होता. सम्राट लिसिनियसच्या छळात तापल्या लोखंडाने त्याचे दोन्ही हात निकामी केले होते, असे थिओडोरेट हा इतिहासकार लिहितो. अशी माणसे सम्राटाच्या इशाऱ्यावर नवा देव स्वीकारतील, हे पटत नाही. दबाव होता, हे खरे. कॉन्स्टंटाइनला साम्राज्यात एकी हवी होती आणि पुत्र निर्माण केलेला नाही, देवच आहे, असे सांगणाऱ्या परिषदेच्या मतांगीकारावर, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर निवेदनावर, सही नाकारणाऱ्यांना त्याने हद्दपार केले. पण सुमारे 300 बिशपांपैकी अखेरपर्यंत एरियसबरोबर राहिले दोघेच. कादंबरीतले अटीतटीचे मतदान झालेच नाही. बायबलमध्ये कोणती पुस्तके घ्यावीत, याबद्दलही परिषदेच्या 20 नियमांत एक अक्षर नाही.

खरा विपर्यास होतो तो पुढच्या पन्नास वर्षांचा. काही वर्षांतच कॉन्स्टंटाइनने एरियसला हद्दपारीतून परत बोलावले. 337 मध्ये मृत्यूपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला, तोही एरियसची बाजू घेणाऱ्या निकोमीडियाच्या युसेबियसकडून. मुलगा कॉन्स्टँशियस तर निसियाच्या निर्णयाविरुद्ध उघड उभा राहिला. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले, तेही चार वेगवेगळ्या सम्राटांच्या हातून. सत्तेला स्वतःच्या सोयीचा देव हवा असता, तर या काळात निसियाचा मतांगीकार केव्हाच पुसला गेला असता. तो टिकला, कारण राजाज्ञा विरोधात असतानाही माणसांनी तो सोडला नाही.

राजसत्तेला दोष द्यायचा असेल, तर 380 चे सम्राट थिओडोसियसचे फर्मान समोर घ्यावे. निसियाची श्रद्धा त्याने प्रजेवर कायद्याने लादली आणि न मानणाऱ्यांना पाखंडी ठरवले. ती चूक होती आणि तिची किंमत पुढे अनेकांनी मोजली. पण श्रद्धा लादणे वेगळे आणि ती घडवणे वेगळे.

हा मतांगीकार आज मराठी मिस्सेतही म्हटला जातो. तो कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. नाकारणाऱ्याने तो खुशाल नाकारावा, पण देव स्वतः माणसाच्या दुःखात उतरतो का, या त्यातल्या प्रश्नाला भिडून नाकारावा. कॉन्स्टंटाइनच्या माथी मारून मोकळे होऊ नये.