आधी इंजिनिअरिंग, मग इनामगाव?

बारावीनंतर प्रवेशफेरीचा पसंतीक्रम भरायला बसलं की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: आवड काय, नंतरही जोपासता येते. पुण्यातल्या एका घरात हे वाक्य मामाच्या तोंडून आलं. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, उमेदीची वर्षं कुकडीच्या कालव्यांवर काढलेला. भाचीला सीईटीत गुण असे, की बऱ्यापैकी कॉलेजात कॉम्प्युटरला सहज जागा मिळावी. तिला मात्र पुरातत्त्व शिकायचंय. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननाबद्दल तिनं वाचलं, तिथे चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस सापडला हे वाचलं, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही.

मामाचा युक्तिवाद साधा आणि म्हणूनच अवघड होता. "डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो ना? मग आधी इंजिनिअर हो. मी तुला काही सोडायला सांगत नाही, फक्त चार वर्षं थांब म्हणतोय."

"थांबलेली माणसं परत येतात का पण?"

"येतात की! श्रीराम लागू आले."

उदाहरण भक्कम होतं. लागू बी. जे. मेडिकलमध्ये शिकले, कान-नाक-घशाचे सर्जन झाले, पुण्यात आणि काही काळ टांझानियात त्यांनी प्रॅक्टिस केली. १९६९मध्ये चाळिशी उलटल्यावर ते पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. मामा तेवढ्यावर थांबला नाही. दौंडला दवाखाना चालवणारे बालरोगतज्ज्ञ जब्बार पटेल यांनी १९७२मध्ये 'घाशीराम कोतवाल' बसवलं, त्यात नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. तिघंही बी. जे.चे. तिघांनीही आधी पोटाची सोय केली.

"नाटकाची तालीम रात्री करता येते, मामा. उत्खनन रात्री होत नाही." ती क्षणभर थांबली. "आणि बी. जे.मधल्या ज्यांचं नाटक डॉक्टरकीत राहूनच गेलं, त्यांची नावं सांग ना."

मामानं मग दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव काढलं. गणिती माणूस, पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाणारा. त्यानं प्राचीन नाणी तराजूत तोलून त्यांच्या झिजेचं संख्याशास्त्र मांडलं, पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून दगडी हत्यारं गोळा केली आणि भारताच्या इतिहासाकडे बघायची रीतच बदलली. भाचीनं हेही नाव मान्य केलं, पण एक अट घालून: कोसंबींनी गणित नाइलाजानं घेतलं नव्हतं, त्यांचं गणितावरही तितकंच प्रेम होतं. तिचं कोडिंगवर नाही.

इथे संवाद अडकला, आणि बराच वेळ अडकूनच राहिला. मामा म्हणाला, "प्रेम आधीपासून असतं, असं कुणी सांगितलं तुला? मला काय पाण्याचं वेड होतं? सिव्हिलला नंबर लागला, खात्यात नोकरी लागली. मग आवर्तन सुटलं की टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी का पोचत नाही, हे शोधत चारीच्या कडेनं पायपीट करता करता ते वेड लागलं. आवड कामातून येते. मग ज्या कामात पगार आहे, त्यातूनच का येऊ नये?"

हा आक्षेप सहज बाजूला सारता येणारा नाही. आपली आवड तयार स्वरूपात कुठेतरी दडलेली असते आणि सतराव्या वर्षी ती सापडायलाच हवी, ही कल्पना मुलांना फार छळते. भाचीनं तो टाळलाही नाही. तिनं विचारलं, "तुझ्या बॅचच्या किती जणांना ते वेड लागलं?"

मामा खोटं बोलणारा माणूस नाही. "चार-पाच जणांना," तो म्हणाला. "बाकीच्यांनी नोकरी केली. पण घरं बांधली, मुलं शिकवली. त्यांना अयशस्वी म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला?"

त्या दिवसातलं हे सगळ्यात नेमकं वाक्य. आवडीची बाजू मांडणारे बहुतेक जण इथेच घसरतात. ज्यांनी नोकरी नुसती नोकरी म्हणून केली, त्यांच्या आयुष्याला ते नकळत कमी लेखतात. आणि मामा तिथेच थांबला नाही. "तुला आवडतं ते उत्खननाबद्दल वाचणं. खापरं धुणं आवडेल का, ते तुला ठाऊक नाही."

खापरं धुणं म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. खड्ड्यातून थरागणिक निघालेली खापरं टोपल्यांतून येतात. एकेक खापर पाण्यात बुडवून ब्रशनं घासायचं, रंगवलेलं असेल तर फार जपून. मग सावलीत वाळवायचं. वाळलं की आतल्या बाजूला बारीक अक्षरांत स्थळाची खूण, खड्डा आणि थर लिहायचा. मग काठ वेगळे, बुडं वेगळी, नक्षीची वेगळी, आणि मोजदाद. एका हंगामात अशी हजारो खापरं निघू शकतात. रांजणातला माणूस क्वचितच.

"नाही ठाऊक," भाची म्हणाली. "पण दिवसाचे दहा तास कोडिंग करायला आवडेल का, हेही मला ठाऊक नाही. ते कुणीच विचारत नाही. पुराव्याची मागणी फक्त आवडीकडेच का?"

हे लिहिणाऱ्याचा कल भाचीकडे आहे, तो या प्रश्नापाशी. ज्या शाखेकडे सगळी गर्दी चाललेली असते, तिला कुणी जाब विचारत नाही. मामाच्या तरुणपणी सिव्हिल ही खात्रीची शाखा होती. धरणं बांधली जात होती, खात्यात भरती होती. आज कित्येक मुलं पसंतीक्रमात सिव्हिल तळाला टाकतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची पुस्तकं उघडून बसलेल्यांमध्ये इंजिनिअर थोडे नाहीत. खात्रीचीही मुदत संपते.

मामानं यावर वाद घातला नाही, पण तो एकदम वेगळ्याच गोष्टीवर गेला. "तू मुलगी आहेस म्हणून सांगतो. स्वतःचा पगार हातात नसला की बाईला किती जणांची परवानगी घ्यावी लागते, ते आपल्याच घरात पाहिलंयस तू."

यावर भाचीला पटकन उत्तर सुचलं नाही. आणि खरं तर याला पटकन उत्तर नाहीच. तिनं इरावती कर्व्यांचं नाव घेतलं. इरावतीबाई मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला निघाल्या तेव्हा ते सासऱ्यांना पसंत नव्हतं. सासरे म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले महर्षी धोंडो केशव कर्वे. तरी त्या गेल्या. तिथे कवट्या मोजल्या, वंश आणि कवटीचा आकार यांचं नातं जोडू पाहणाऱ्या गुरूच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष काढला आणि पुढे डेक्कन कॉलेजात आयुष्यभर काम केलं. "त्यांच्या पाठीशी नवरा होता, दिनकरराव," मामा म्हणाला. भाचीनं ते नाकारलं नाही.

मग मामानं इनामगावचं पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि चाळता चाळता एका आकृतीपाशी थांबला. ताम्रपाषाण काळातल्या त्या वस्तीत घोड नदीचं पाणी वळवायला काढलेला पाट आणि बांध सापडला आहे. "याचा उतार किती धरला होता?"

"ते नीट सांगायला तुझ्यासारखं कुणीतरी लागतं."

"म्हणजे इंजिनिअर लागतो! मी तेच म्हणतोय."

"सिव्हिल इंजिनिअर. तू मला कॉम्प्युटरला घालतोयस."

यातून तिसरी वाट निघाली: भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. मातीचे थर, नदीचा गाळ, दगडांची ओळख. उत्खननाला याचा थेट उपयोग, आणि भूजलापासून खाणींपर्यंत कामंही आहेत. मामाला ते पटलं. भाची मात्र अडली. थरांत गोडी वाटते म्हणून घेतलं तर ठीक, दोघांची समजूत पटावी म्हणून नको, असं तिचं म्हणणं. कारण कुठलंही असो, पदवी तीच मिळते, हे मामाचं. तिला ते मान्य नव्हतं. दुसऱ्या वर्षी विषय जड जाईल तेव्हा निर्णय आपलाच होता हे आठवायला लागेल, असं ती म्हणाली. "आणि चुकला तर?" मामानं विचारलं. "तर मी मामाला नाही, स्वतःलाच विचारेन." मामाचं म्हणणं, तेव्हा तरी मला विचार. पसंतीक्रम भरायची मुदत दोन दिवसांवर होती आणि पहिली ओळ अजून रिकामी होती.