पाखरू मारण्याची गरज कोणी ठरवायची?

वर्षावासात आमच्या भागातील विहारांतून ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. अशाच एका वाचनाच्या वेळी अहिंसेवरील भाग संपला आणि मागे बसलेला एक तरुण शेतकरी उभा राहिला. म्हणाला, “काका, जयभीम. माझी दीड एकर ज्वारी हुरड्यात आली आहे. पाखरं कणसं रिकामी करताहेत. दाण्याला औषध लावून बांधावर टाकलं, तर शील मोडतं का?”

औषध म्हणजे विष, हे तेथे बसलेल्या सर्वांना ठाऊक होते. कोणी हसले नाही. एक वृद्ध उपासक म्हणाले, शील मोडते, विषय संपला. त्यांच्या शेजारचे शिक्षक म्हणाले, मुळीच नाही. गरजेपोटी मारणे आणि हौसेपोटी मारणे यांत फरक आहे, आणि हा फरक खुद्द बाबासाहेबांनी सांगितला आहे. दोघेही त्याच ग्रंथाच्या त्याच पानांचा आधार घेत होते. सभा संपली, पण प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

बाबासाहेबांचे विवेचन वाचकांच्या परिचयाचे आहे. भगवंतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, नियम म्हणून नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्याचे स्वातंत्र्य देते. त्याच अनुषंगाने मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा भेद त्यांनी दाखविला. जेथे गरज नाही, केवळ इच्छा आहे, ती हत्या निषिद्ध. येथपर्यंत शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु यापुढेच खरी अडचण सुरू होते. आपल्याला इच्छा होती असे कोणता मारणारा कबूल करतो? शिकाऱ्यालाही गरज असते, कोंबड्याचा बळी देणाऱ्या देवऋषालाही गरज असते. गरज हा शब्द फार स्वस्त आहे. तेव्हा गरज आहे की नाही, हे ठरवायचे कोणी?

हाच प्रश्न एका देशाच्या सरकारपुढे अगदी कायद्याच्या भाषेत उभा राहिला होता. तो देश इंग्लंड, आणि साल २०१९. धम्माशी त्या वादाचा काही संबंध नव्हता. तरी आमच्या विहारातला प्रश्न आणि तो प्रश्न एकच आहेत असे आमचे मत झाले, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

इंग्लंडमध्ये पिकावर येणाऱ्या पाखरांविरुद्ध कायदे करण्याची रीत जुनी आहे. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३२ साली, कावळ्यांसाठी गावोगावी जाळी ठेवण्याची सक्ती झाली. एलिझाबेथ राणीच्या १५६६ च्या कायद्याने मारलेल्या पाखरांची डोकी आणून दाखविणाऱ्यास पैसे मिळू लागले, आणि ते पैसे देण्याचे काम चर्चच्या कारभाऱ्यांकडे होते. म्हणजे धर्मसंस्थेच्या ओसरीवर कावळ्याच्या डोक्यांचा हिशेब होत असे! पुढे काळ बदलला. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्याने सर्व रानपक्ष्यांना संरक्षण दिले. पक्षी मारणे हा गुन्हा ठरला. अपवाद ठेवला तो परवान्याचा. पिकाचे वा जनावरांचे गंभीर नुकसान टाळणे, लोकांचे आरोग्य राखणे, दुसऱ्या दुर्मिळ पक्ष्यांना वाचविणे अशा ठरावीक कारणांसाठीच परवाना मिळेल. आणि दुसरा कोणताही समाधानकारक उपाय नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटली पाहिजे, अशी अट त्या कायद्यात आहे.

ही अट नीट पाहिली तर काय दिसते? मारण्याची इच्छा पुरेशी नाही, गरज दाखवा, असेच कायदा म्हणतो आहे.

परंतु प्रत्यक्षात काय चालले होते? काही जातींच्या पक्ष्यांसाठी सरकारी संस्थेने ‘सर्वसाधारण परवाने’ काढून ठेवले होते. तिकडचा काळा कावळा, मॅगपाय, रूक, जॅकडॉ, पिकावर थव्याने उतरणारे मोठे रानकबूतर असे सोळा पक्षी त्यांत होते. त्या यादीत आपल्याकडचा कंठवाला पोपट होता आणि आपला घरकावळासुद्धा. या परवान्यासाठी अर्ज करावा लागत नसे, नाव नोंदवावे लागत नसे, किती पक्षी मारले ते कळवावे लागत नसे. जमिनीचा मालक, किंवा त्याने ज्याला अनुज्ञा दिली तो, बंदूक घेऊन निघाला की परवाना त्याच्या खिशात आहे असे समजायचे. दुसरा उपाय आहे की नाही हे त्याने आपले आपण पाहावे, अशी सूचना कागदावर होती. तो पाहतो की नाही, हे पाहणारा कोणी नव्हता.

यावर क्रिस पॅकहॅम, मार्क अॅव्हरी आणि रूथ टिंगे या तीन निसर्गअभ्यासकांच्या ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने बोट ठेवले. त्यांचा मुद्दा साधा होता. खात्री परवाना देणाऱ्याची पटली पाहिजे असे कायदा सांगतो. तुम्ही ती जबाबदारी बंदूक धरणाऱ्यावर ढकलली आहे. म्हणून तुमचे परवाने बेकायदा आहेत. नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने वकिलांचा सल्ला घेतला आणि मुद्दा मान्य केला. २३ एप्रिल २०१९ रोजी जाहीर केले, आणि २५ एप्रिलच्या मध्यरात्री जुने तीन परवाने रद्द झाले.

एप्रिल हा तिकडे मेंढ्या विण्याचा हंगाम. नुकत्याच जन्मलेल्या, अजून पायावर उभे न राहिलेल्या कोकराचे डोळे आणि जीभ कावळे टोचून काढतात. ज्या धनगराने ते पाहिले आहे त्याला दोन दिवसांच्या आत कायदा बदलल्याचे सांगणे, हा कारुण्याचा मार्ग नव्हे. शेतकऱ्यांचा संताप झाला आणि तो रास्त होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. कावळ्यासाठी नवा परवाना दुसऱ्याच दिवशी निघाला. पुढे मंत्री मायकेल गोव्ह यांनी हा अधिकार आपल्या खात्याकडे घेतला. १४ जून रोजी नवे परवाने आले आणि १ जानेवारी २०२१ पासून ते पुन्हा सुधारले गेले. आता दुसरे उपाय करून पाहण्याचा वाजवी प्रयत्न केला पाहिजे अशी अट ठळकपणे घातली आहे. पण अर्ज नाहीच. मोजदादही नाही.

या गदारोळात एक प्रकार असा घडला की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पॅकहॅम यांच्या घराच्या फाटकाला कोणीतरी मेलेले कावळे टांगले. तेथे कोणते पीक होते? कोणते कोकरू होते? शेतकऱ्याची गरज आणि या माणसाची इच्छा, दोन्ही त्या जुन्या परवान्याखाली इतकी वर्षे शेजारी शेजारी बसली होती, आणि त्यांना वेगळे करण्याची कोणाला आवश्यकताच वाटली नव्हती. सर्वसाधारण परवान्याचा खरा दोष हाच. तो गरजेचा शिक्का आधीच मारून ठेवतो. मग मारणाऱ्याच्या मनाला प्रश्न पडत नाही, आणि ज्याला प्रश्न पडत नाही त्याची चेतना झोपलेली असते. कर्म म्हणजे चेतना, असे तथागत सांगतात. शिक्का चेतनेची जागा घेऊ शकत नाही.

याद्यांविषयी आम्हांला जो संशय वाटतो त्याला कारण आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीचे नाव यादीत गेले की त्या घरात जन्मलेले पोर जन्मतःच गुन्हेगार. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तोपर्यंत किती पिढ्या पोलिसपाटलाकडे हजेरी देत संपल्या! पाखरू म्हणजे माणूस नव्हे, तेव्हा ही तुलना ताणू नये. परंतु यादीचा एक गुण दोन्हीकडे सारखाच दिसतो: त्या एकट्याने काय केले, हे विचारण्याचे काम उरत नाही. शिवाय यादी चुकतेही. चिमणी इंग्लंडच्या यादीत होती. तिची संख्या घटल्यावर २००५ साली तिला वगळावे लागले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती अनुसूचीच गेली आणि कावळा संरक्षित झाला. कावळा तोच होता.

येथपर्यंत वाचून वाचक म्हणतील, तर मग मारणे बंद करावे आणि पाखरे राखून हाकलावी. आम्हीही असेच म्हणालो असतो. पण ‘दुसरा समाधानकारक उपाय’ या शब्दांपाशी आम्ही अडलो. समाधानकारक कोणाला?

बंदूक स्वस्त होण्यापूर्वी इंग्लंडच्या शेतांतून पाखरे हाकलण्याचे काम गरिबांची मुले करीत. थंडीत, चिखलात, हातात लाकडी खुळखुळा घेऊन, दिवसभर. थॉमस हार्डी यांच्या १८९५ सालच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ या कादंबरीच्या आरंभी असाच एक पोरगा आहे. त्याला भुकेल्या पाखरांची दया येते, तो त्यांना खाऊ देतो, आणि शेताचा मालक त्याला बडवून कामावरून काढतो. दया दाखविणारा पोरगा, धान्य मालकाचे, मार पोराला.

आमच्यापैकी पुष्कळांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. प्रस्तुत लेखकाने दुसऱ्याच्या ज्वारीत माळ्यावर बसून तीन हंगाम गोफण फिरविली आहे. उजाडायच्या आधी माळ्यावर चढायचे आणि दिवस मावळला की उतरायचे. मालकाचा पोरगा त्या वेळी शाळेत असे. एकही पाखरू मेले नाही. दगड थव्याच्या बाजूला टाकायचा असतो, थव्यात नव्हे. अहिंसेचा यापेक्षा उत्तम नमुना कोणता? पण त्या अहिंसेची किंमत कोणी भरली, तर आमच्या चौथीच्या वर्गाने. म्हणून कोणी ‘न मारता राखा’ असे सहजपणे सांगू लागला की आमचा पहिला सवाल असतो, माळ्यावर कोण बसणार? जीव वाचविण्याचा खर्च ज्याच्या पिकाचा फायदा आहे त्याने सोसला पाहिजे. तो आपल्यापेक्षा दुबळ्यावर ढकलला, तर हिंसा संपली नाही, तिने केवळ आपली जागा बदलली.

राज्याने नियम करावेत की माणसाने विचार करावा, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सम्राट अशोकांनी राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी एक आज्ञा कोरविली. ती पाचव्या स्तंभलेखात आहे. तीत अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. पोपट, मैना, हंस तर आहेतच, शिवाय पांढरे पारवे आणि गावातले पारवेही आहेत. जे पोपट-पारवे इंग्लंडच्या परवान्यात मारण्यायोग्य ठरले, ते येथे बावीसशे वर्षांपूर्वी राजाने अभय देऊन ठेवले होते. परंतु आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सातवा लेख, जो दिल्ली-तोपरा स्तंभावर आहे. तेथे अशोक आपल्याच कारभाराचा हिशेब मांडतात. लोकांत धम्म वाढला तो दोन मार्गांनी, असे ते म्हणतात: नियमांनी आणि मनन करायला लावल्याने. आणि स्वतः केलेल्या नियमांची, त्यांत प्राणी अवध्य ठरविणारे नियमही आले, ते फारशी मातब्बरी मानीत नाहीत. अधिक काम मननाने झाले, अशी त्यांची कबुली आहे. ज्याच्या हाती सर्व सत्ता होती त्याने हे लिहावे!

याचा अर्थ नियम नकोत असा मुळीच नाही. इंग्लंडमध्ये नियम बदलला तेव्हाच चाळीस वर्षे न विचारलेला प्रश्न घरोघर विचारला गेला. सरकारने आपली खात्री पटवून घ्यावी, हे योग्यच. पण सरकारची खात्री सोळा पक्ष्यांविषयी आणि साऱ्या देशाविषयी असते. या बांधावर, या सकाळी, या थव्यापुढे दुसरा उपाय आहे काय, हे जिल्ह्याच्या कचेरीतून दिसत नाही. तो प्रश्न ज्याच्या हातात विष आहे त्यालाच, आणि प्रत्येक वेळी नव्याने, विचारावा लागतो. मागच्या वर्षीचे उत्तर यंदा चालत नाही.

पुढच्या पौर्णिमेला तो तरुण पुन्हा भेटला. त्याला आम्ही सांगितले, विष टाकू नकोस. विषारी दाणा पोपटाला ओळखत नाही, तुझ्या कोंबड्यांनाही ओळखत नाही. आणि कायद्यानेही ते तुझ्या अंगाशी येईल. पाखरे दिवसभर पडत नाहीत. उजाडल्यावर दोन तास आणि दिवस कलल्यावर दोन तास जोर असतो. तेवढा वेळ राखण ठेव, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.

तो म्हणाला, “राखणीला माणूस लावायचा तर मजुरी द्यावी लागते, काका. ती ज्वारीच्या भावात निघत नाही. मी स्वतः सकाळी कारखान्यावर जातो. घरी थोरला आहे, सातवीला.”

त्याच्या शेजारी त्याची आई उभी होती. ती म्हणाली, “सकाळी मी बसते माळ्यावर. पोराला शाळेत जाऊ दे.” तिच्या गुडघ्यांना सूज होती, हे आम्हांला दिसत होते.