धोटे आणि धानपट्टी

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडयांचा हंगाम लागतो. रात्रभर नाटक, आणि नाटकाआधी उद्घाटनाचा लांबलचक सोहळा. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीच्या पट्ट्यातलं राजकारण समजून घ्यायचं असेल तर या सोहळ्याची पत्रिका वाचावी. उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी अशी उतरंड तिच्यावर छापलेली असते. वर सत्तेतली माणसं, त्याखाली सत्तेत येऊ शकणारी, आणि तळाच्या बारीक टाइपात कुठल्याशा लहान पक्षाचा जिल्हाध्यक्ष. आमदार नारळ फोडून पुढच्या गावाला निघतात. हा मात्र शेवटच्या अंकापर्यंत बसून राहतो. अशा माणसाची कारकीर्द मोजायची कशी?

जागा मोजून, हे सोपं उत्तर. फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हेर्जे यांनी १९५१ सालीच लिहून ठेवलं होतं की जिथे सर्वाधिक मतं मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो, तिथे लहान पक्ष चिरडले जातात, आणि मत वाया जाईल या भीतीने मतदारच त्यांना सोडून देतो. पण विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोटे यांनी हा नियम एकदा तरी मोडून दाखवला. १९७१च्या इंदिरा लाटेत महाराष्ट्रातल्या ४५पैकी ४२ जागा काँग्रेसने नेल्या. उरलेल्या तिनांत एक नागपूर होती. तिथून फॉरवर्ड ब्लॉकचे धोटे निवडून आले. सुभाषबाबूंनी स्थापन केलेल्या, बंगालात मुळं असलेल्या या पक्षाचं नागपुरात काय होतं? धोटे होते, एवढंच.

त्यांचं बळ आणि त्यांची मर्यादा इथेच आहे. दाढी, गर्जना, मोर्चा. १९६४ साली विधानसभेत अध्यक्ष बाळासाहेब भारदे यांच्या दिशेने पेपरवेट भिरकावून त्यांनी सदस्यत्व गमावलं आणि पोटनिवडणुकीत यवतमाळकरांनी त्यांना पुन्हा सभागृहात पाठवलं. आजच्या वाहिन्यांनी हा प्रसंग महिनाभर चघळला असता. मला त्या पेपरवेटपेक्षा पोटनिवडणूक महत्त्वाची वाटते. मुंबईत आपलं कुणी ऐकत नाही, या भावनेला लोकांनी दिलेलं ते मत होतं. फजल अली आयोगाने १९५५ साली स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. १९६० साली झालं उलटंच. त्या रागाला धोट्यांचा आवाज मिळाला.

आवाजाला मात्र वारस नसतो. १९७१ सालीच तेलंगणात चेन्ना रेड्डींच्या तेलंगणा प्रजा समितीने दहा जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी समिती काँग्रेसमध्ये विरघळली. धोटेही पुढे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८० साली त्याच नागपुरातून हाताच्या चिन्हावर लोकसभेत पोचले. याला कुणी विश्वासघात म्हणतं, कुणी व्यवहार. मला ती हतबलता वाटते. दुसऱ्या फळीची माणसं नाहीत, तालुक्याला कार्यालय नाही, निधी नाही; अशा वेळी नेत्याकडे विकायला किंवा वाचवायला स्वतःखेरीज काही उरत नाही. २००२ साली त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली. त्याच्या आदल्याच वर्षी चंद्रशेखर राव यांनी तेलंगणा राष्ट्र समिती स्थापन केली होती. तिकडे १३ वर्षांत राज्य आलं. इकडे १८ फेब्रुवारी २०१७ रोजी धोटे गेले तेव्हा पक्षाचं नाव अनेकांना आठवून सांगावं लागलं.

केशोरीहून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. पूर्वेला काही कोसांवर छत्तीसगड आहे. १ नोव्हेंबर २०००ला ते राज्य झालं, आणि त्यासाठी त्यांना कुणा धोट्यांची गरज पडली नाही. मोठ्या पक्षांना सोयीचं होतं म्हणून झालं. भाजपने १९९७ साली भुवनेश्वरला विदर्भाचाही ठराव केला होता. तो ठराव निवडणुकीच्या तोंडावर बाहेर येतो आणि निकालानंतर पुन्हा कपाटात जातो. लहान पक्षाने जन्मभर सांभाळलेली मागणी मोठा पक्ष अशी उसनी नेतो.

शिवाय धोट्यांचा विदर्भ मुख्यतः कापसाचा. यवतमाळ, अकोला, काळी माती. इथे धानाच्या बांध्या, मामा तलाव, मिरची आणि जंगल. मुंबईने नागपूरला परिघावर ठेवलं ही तक्रार खरीच, पण नागपूरने झाडीपट्टीला कुठे ठेवलं, हे विदर्भवाद्यांच्या व्यासपीठावर फारसं विचारलं गेलं नाही.

या मुलखाने एक पराभवही पाहिला आहे. हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता तेव्हा, १९५४ साली, भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे डॉ. आंबेडकर राखीव जागेवर उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांना हरवलं. जागा मोजणाऱ्याच्या वहीत ती कारकीर्द तिथे संपते. प्रत्यक्षात अडीच वर्षांतच नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुढे निघालेला रिपब्लिकन पक्ष कितीदा फुटला याचा हिशेब ठेवणंही कठीण, पण गावोगावची विहारं आणि जयंती मंडळं फुटीनंतरही चालू राहिली. आंबेडकरांशी धोट्यांची तुलना करणं अन्यायाचं आहे, हे मान्य. तरी प्रश्न उरतो: जिंकलेल्या धोट्यांच्या मागे काय राहिलं?

राहिलं ते अकोल्यात. कृषी विद्यापीठ राहुरीला की अकोल्याला, या वादात साठच्या दशकाच्या उत्तरार्धात विदर्भ पेटला, त्या आंदोलनात धोटे आघाडीवर होते, आणि १९६९ साली अकोल्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. त्याच विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेलं एचएमटी धान नेलं आणि ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून बाजारात आणलं. ते बियाणं धानपट्टीत पसरलं. दादाजींचं नाव त्या वाणात आलं नाही. श्रेयासाठी ते २०१८ साली मरेपर्यंत झगडत राहिले. मुंबईशी भांडून मिळवलेली संस्था आपल्याच शेतकऱ्याशी मुंबईसारखीच वागली. त्या भांडणासाठीही एखादा लहान पक्ष हवा होता.