शेजारी बसून



वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात एकत्र बसून सूत कातण्याची रीत गांधीजींच्या काळापासूनची. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी घडी करून पेटीत मावणाऱ्या चरख्यावर बराच विचार केला. तो चरखा आजही येरवड्याच्याच नावानं ओळखला जातो.

कातताना उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हातातला पिंजलेल्या कापसाचा पेळू हळूहळू मागे न्यायचा. सगळं कसब त्या चिमटीत. पेळू घट्ट धरला तर कापूस सुटत नाही, तार तुटते. सैल सोडला तर पीळ थेट पेळूत शिरतो. नवशिक्याचं सूत तर वीतभर निघालं की तुटतंच. मग शेजारचं जाणतं माणूस तुटलेलं टोक पेळूच्या तंतूंवर टेकवतं, चाक हलकेच फिरवतं, आणि गाठ न मारता सांधा जुळतो. कितीही समजावून सांगितलं तरी हे कळत नाही. त्या बोटांकडे बघावंच लागतं. म्हणून कताई मंडळीत बसूनच शिकावी, असं मला मनापासून वाटतं. विणकामाचंही तेच.

या सुट्टीत मुलांच्या हाती टकळी किंवा विणायच्या सुया द्या. आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा.