संकल्प आणि सही

कोणत्याही धर्मकृत्याच्या आरंभी संकल्प असतो. देश, काल, गोत्र, नाम आणि हेतू यांचा उच्चार करून यजमान उदक सोडतो. मंत्र पुरोहित सांगतो. परंतु 'करिष्ये' हा शब्द यजमानानेच उच्चारावयाचा असतो. मूल लहान असेल तर पिता त्याच्यासाठी संकल्प करतो. मात्र आपण कोणासाठी आणि कशासाठी तो करीत आहोत, हे त्याला ठाऊक असावे लागते. कायदा ज्याला संमती म्हणतो, तिचे मर्म याहून फारसे निराळे नाही. जाणून दिलेला होकार म्हणजे संमती. कागदावरची सही ही तिची केवळ खूण होय. जेथे खूण आहे पण जाण नाही, तेथे संमती आहे असे म्हणता येईल काय? हा प्रश्न वकिलांपुरता राहिलेला नाही. तो आज मुलींच्या मातापित्यांच्या दारी आला आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना होतो, आणि ऐंशी हजारांच्या जवळपास स्त्रिया त्याने मृत्यू पावतात. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूचे काही प्रकार या रोगाच्या मुळाशी आहेत, हे हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याबद्दल 2008 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेकांच्या देहातून तो आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्या ठायी मात्र वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो, आणि रोगाचे बीज तेथे रुजते. त्यावरील लस 2006 पासून उपलब्ध आहे. संसर्गापूर्वी दिली तरच तिचा पुरा उपयोग होतो. म्हणून ती मुख्यतः 9 ते 14 या वयात देतात. नीतीचा पेच येथेच आहे. जिच्या देहाचे रक्षण करावयाचे, ती संमती देण्याच्या वयाची नाही. आणि त्या वयापर्यंत थांबावे, तर वेळ निघून जाण्याचा संभव. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलणे अटळ आहे. ते कोणी आणि काय जाणून बोलावे, एवढाच प्रश्न उरतो.

2009 साली एका अमेरिकन संस्थेने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राज्य सरकारे यांच्या सहकार्याने, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदा या जिल्ह्यांत 10 ते 14 वर्षांच्या हजारो मुलींना ही लस टोचली. त्यांपैकी अनेक मुली आदिवासी होत्या व वसतिगृहांत राहून शिकत होत्या. पुढे सात मुलींच्या मृत्यूची वार्ता आली, आणि एप्रिल 2010 मध्ये हा उपक्रम थांबविण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याचा संभव फारसा नाही, असे चौकशीअंती सांगण्यात आले. परंतु संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट 2013 मध्ये सादर केलेल्या अहवालात निराळेच काही उघडे पडले. आंध्रातील 9,543 संमतिपत्रांपैकी 1,948 पत्रांवर केवळ अंगठ्याचे ठसे होते, आणि 2,763 पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या.

जुन्या मराठी दस्तऐवजांत अल्पवयीनास 'अज्ञान' म्हणत, आणि त्याच्या वतीने सही करणाऱ्यास 'अज्ञान पालक कर्ता'. या शब्दयोजनेत एक गृहीतक आहे: मूल अज्ञान असले तरी पालक सज्ञान आहे. पालकासच काही सांगितले गेले नसेल, तर दोन अज्ञानांची बेरीज ज्ञान कशी होणार? मुलींना अन्नवस्त्र पुरविणारा अधीक्षक सांभाळकर्ता खरा. पण तेवढ्याने तो पिता होत नाही. सज्ञान स्त्री बेशुद्ध असताना, निकडीचा प्रसंग नसता, तिच्या आईकडून घेतलेली संमतीदेखील पुरेशी नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 सालीच ठरविले होते. जेथे आईची सही चालत नाही, तेथे अधीक्षकाची सही कोणत्या न्यायाने चालावी?

यावर कोणी म्हणेल, 'हेतू परोपकाराचा होता, लस गुणकारी होती. मग कागदाचा एवढा बाऊ कशाला?' येथे दोन वाद वेगळे केले पाहिजेत. लस चांगली म्हणून तो व्यवहार निर्दोष ठरत नाही. आणि व्यवहार सदोष म्हणून लस दूषित ठरत नाही. पहिली चूक उपक्रम चालविणाऱ्यांनी केली. दुसरी चूक त्यानंतर समाजाने केली. सहीतला दोष लशीला चिकटला, आणि संशय वर्षानुवर्षे रेंगाळला. विश्वास एकदा मोडला की त्याची किंमत ज्यांनी तो मोडला त्यांच्याकडून वसूल होत नाही. ती मुलींकडून होते.

त्याच सुमारास बार्शी, हैदराबाद, अहमदाबाद इत्यादी ठिकाणी एक स्वतंत्र संशोधन चालू होते. लशीच्या दोन मात्रा पुरेत की तीन हव्यात, हे त्यात पाहावयाचे होते. 2010 च्या बंदीमुळे तेही अडले, आणि कित्येक मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे त्यांच्यावर अनेक वर्षे लक्ष ठेवले असता, एका मात्रेनेही जवळजवळ तितकेच रक्षण होते असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींच्या देहांची साक्ष आहे. जगातील गरीब देशांना लस स्वस्तात पुरविण्याची वाट ज्यांनी अजाणता खुली केली, त्यांचे ऋण कोणत्या खात्यावर मांडावयाचे?

जाणून घेतलेली संमती मिळविणे अशक्य असते, असेही नाही. सिक्कीम राज्याने 2018 साली शिक्षक, डॉक्टर आणि पालक यांना आधी विश्वासात घेतले, आणि मग 9 ते 13 वर्षांच्या मुलींना लस दिली. सुमारे 97 टक्के मुलींना पहिली मात्रा मिळाली. सांगण्यात गेलेला वेळ वाया जात नाही, हाच त्याचा अर्थ.

आता थोडे आपल्याकडे वळू. 'आमच्या घरातील मुलीला असल्या लशीची गरज काय?' असे म्हणून विषय मिटविणारे गृहस्थ आपल्यात थोडे नाहीत. विषाणूचा मार्ग शरीरसंबंधाचा, म्हणून लशीचे नावही त्यांना अमंगळ वाटते. परंतु विवाहितेला तो पतीकडूनही येऊ शकतो. मुलीचे शील हे त्यावरचे कवच नव्हे. न जाणता सही करणारा अधीक्षक आणि न जाणता नकार देणारा पिता, यांत तत्त्वतः फरक कोणता? दोघेही मुलीच्या देहाविषयी, तिच्या वतीने, काहीही माहीत करून न घेता निर्णय देतात. होकाराला जाण हवी, तशी नकारालाही हवी.

मातांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्यासाठी तपासणी आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने वस्त्यांतील स्त्रियांवर केलेल्या दीर्घ अभ्यासात, सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, लावून केलेल्या साध्या तपासणीने या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. येथे पालकाचा प्रश्नच उद्भवत नाही. सज्ञान स्त्री स्वतःच यजमान आहे. तरीही घरातील कोणी 'जा' म्हणेपर्यंत ती थांबते, आणि घरात तो शब्द कोणी काढीत नाही. या मौनाला आपण मर्यादा म्हणतो. रोग तिला सवलत म्हणून वापरतो.

आपल्या देवळांच्या सभामंडपांत कीर्तने होतात, प्रवचने होतात, हळदीकुंकवाला शेकडो स्त्रिया जमतात. तेथे एखाद्या दिवशी स्त्री-डॉक्टरला सन्मानाने बोलवावे. लशीने काय होते, काय होत नाही, थोडा ताप वा दंडाला वेदना का होते, हे सारे आईवडिलांनी विचारावे. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही तिला समजेल अशा शब्दांत सांगावे. तिची संमती कायद्याला नको असली तरी देह तिचाच आहे. सारे पुरावे पाहता होकार देणेच योग्य, असे माझे मत आहे. पण माझ्या मतावर कोणी सही करू नये. ऐकावे, विचारावे, समजून घ्यावे, आणि मगच उदक सोडावे.