न ओढलेली तार

अमेरिकी कंट्री संगीतातली, आडवी वाजवायची पेडल स्टील गिटार मी घरीच बनवते आहे. मेपलची चौकट, दहा तारा. ई-नाइन जुळणीत पहिलं पेडल पाचवी आणि दहावी तार ओढून पूर्ण स्वराने चढवतं. त्या ताणाने चौकट किंचित वाकते, आणि जिला कुणी ओढलं नाही ती तार उतरते.

माझ्या अनुवादातलं एक वाक्य मूळ लेखिकेला खटकलं होतं. ‘ते मी बदललंच नाही,’ मी म्हटलं. खरंच होतं. बदललं होतं त्याच्या आधीचं. मग मी निर्दोष होते का?

चौकट जाड केली. उतरणं कमी झालं, संपलं नाही. ओढल्याशिवाय स्वर नाही, अनुवादही नाही. पण आता पेडल दाबून न ओढलेली तार आधी ऐकते. लेखिकेला पत्र लिहायचं आहे.